कुलपाचं ठरायचं राहिलं, दादा

दादा, तुम्हाला रिक्षात कधी झोप लागत नाही, हे त्या रिक्षावाल्याला कसं माहीत असणार? तो बिचारा सांगत होता, काका मागे मान टाकून बसले होते, मांडीवर खोका होता, दोन्ही हात खोक्याभोवती होते, मला वाटलं डुलकी लागली. उल्हासनगरला पोचल्यावर त्याने हाक मारली, "काका, आलं तुमचं. उतरा." परत हाक मारली. मग खांद्याला हात लावला. हे सगळं तो हॉस्पिटलच्या दारात उभा राहून मला सांगत होता आणि मला वाटत होतं, हा माणूस भलत्याच कोणाबद्दल बोलतोय. आमचे दादा रिक्षात झोपत नाहीत. ते पुढे वाकून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि उतरताना रिक्षावाल्याला सांगतात, क्लच प्लेट बघून घे रे बाबा. मी त्याला हे सांगितलंसुद्धा. त्याने खोका माझ्या हातात दिला. भाडं घेतलं नाही त्याने.

अजून महिना झालेला नाही. मला कालपर्यंत पटलेलंही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. सकाळी शेडवर आले की हाताला सवय आहे म्हणून मी दोन चहा सांगते. चहावालाही दोन आणतो.

तुमची शोकसभा झाली, अंबरनाथला, एका हॉलमध्ये. तुम्हाला हसू आलं असतं. स्टेजवर तुमचा फोटो होता, त्यात तुम्ही टाय घातलेला. तो टाय कोणाचा, हे वहिनींनाही आठवत नव्हतं. एका साहेबांनी तुम्हाला 'द्रष्टे संशोधक' म्हटलं आणि तरुण उद्योजकांनी तुमच्या जीवनातून नेतृत्वाचे धडे घ्यावेत, असं सांगितलं. मी इकडेतिकडे बघितलं, की हे कोणाचं चाललंय. मग तेच साहेब माझ्याकडे आले आणि म्हणाले, तुम्ही त्यांच्या सर्वांत जवळच्या, त्यांच्या नेतृत्वगुणांवर दोन पानं लिहून द्या, मुद्देसूद. मी हो म्हणाले. घरी येऊन कागद पुढे ओढला, 'पहिला मुद्दा' असं लिहिलं आणि तिथेच अडले. मला तुमच्याबद्दल लिहिताच येत नाहीये. मला तुमच्याशी बोलायचंय, कारण आपलं भांडण अर्ध्यावर राहिलंय आणि अर्ध्यावर भांडण सोडून जाणं ही काही रीत झाली?

भांडण कशावरून, ते वाचणाऱ्याला कळायला हवं म्हणून थोडं मागे जाते. तुम्ही कंटाळाल, पण आता ऐकून घ्या.

माझी आई उल्हासनगरच्या कॅम्प चारला एका शेडमध्ये पॉवर प्रेसवर बसायची. वरून ठोका पडतो आणि खालच्या डायमध्ये पत्र्याचा तुकडा कापला जातो. एका हाताने पट्टी सरकवायची, दुसऱ्या हाताने तयार नग काढायचा आणि पायाने पॅडल दाबायचं. दिवसभर तेच. हातापायाचा ताल एकदा चुकला की बोट जातं. आईची दोन गेली. मी शाळेतून घरी आले तर ती हाताला एवढं मोठं बँडेज बांधून बसली होती आणि मलाच विचारत होती, जेवलीस का. राहिलेल्या बोटांनी ती आजही भाकरी थापते, आणि तिची भाकरी माझ्यापेक्षा गोल होते. पण मशीनचा आवाज आला की तिचा हात आपोआप पदरात जातो, अजूनही.

डिप्लोमा घेऊन मी अंबरनाथच्या आनंदनगरला तुमच्या शेडमध्ये आले तेव्हा तुम्ही मार्क विचारले नाहीत. म्हणालात, "आत एक चक्कर मार आणि काय काय आवडलं नाही ते येऊन सांग." मी सांगत सुटले ती तुमचा चहा गार होईपर्यंत. पंखा चुकीच्या जागी आहे, नट पिळायचे पाने कुठेही पडलेत, आणि साहेबांची खुर्ची दाराकडे पाठ करून आहे, आलेल्या माणसाला तुमचं टक्कलच दिसतं. शेडमधली माणसं माना खाली घालून हसत होती. तुम्ही टकलावरून हात फिरवला आणि म्हणालात, "उद्यापासून ये. खुर्ची तूच फिरव." साहेब म्हटलेलं तुम्हाला चालायचं नाही, शेठ तर त्याहून नाही, म्हणून मीही बाकीच्यांसारखी दादा म्हणायला लागले.

'चालायचं नाही' लिहिलं आणि थांबले. तुमच्या शेडमध्ये एकाच शब्दाला बंदी होती. 'चालेल.' कोणी म्हटलं, दादा, हा बोल्ट अर्धा सूत लहान आहे पण चालेल, की तुम्ही चष्मा वर करून विचारायचात, "चालतंय की चालत नाही? चालेल म्हणजे काय? तो काय पंचांग बघून चालणारे?" शिव्या तुम्ही कधी दिल्या नाहीत, पण चालेल म्हणणाऱ्याला अख्ख्या शेडसमोर ते पंचांग ऐकून घ्यावं लागायचं.

आणि त्या रिक्षाच्या दिवशी सकाळी छाती चोळत तुम्ही म्हणालात, ॲसिडिटी झालीय. मी म्हटलं, दादा, आधी डॉक्टरकडे जा, ट्रायल दुपारी करू. तुम्ही म्हणालात, "उद्या गेलो तरी चालेल." मी ऐकलं. माझ्या कानांनी ऐकलं आणि मला कळलंसुद्धा नाही, की कोण काय बोलतंय.

तर, भांडण. तुम्ही आयुष्यभर बरीच यंत्रं बनवलीत, पण तुमच्या डोक्यात घर करून बसलेली गोष्ट एकच, प्रेसखाली हात जाता कामा नये. माझ्या आईच्या हातामुळे मी तुमच्याकडे आले, असं लोकांना वाटतं. तुम्ही तर माझ्या आईला भेटण्याच्या कितीतरी आधीपासून त्यामागे लागला होतात. तुमचं पहिलं यंत्र साधं होतं. पायाचं पॅडल काढून टाकलं आणि दोन बटणं बसवली, दोन बाजूंना. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोका पडेल. दोन्ही हात बटणांवर, मग डायमध्ये हात येणार कुठून? मला ते इतकं आवडलं की मी आईला दाखवायला शेडवर घेऊन आले होते.

ते पहिल्यांदा बसलं उल्हासनगरला हरीश शेठच्या गाळ्यात. डब्याच्या झाकणाच्या क्लिपा बनायच्या तिथे. शेठ सिंधी, मोठ्या मनाचा, पण धंद्यात घड्याळ लावून बसणारा. प्रेसवर मंदाताई होत्या, आईच्याच वयाच्या, बोलायला तिखट. आठवडाही गेला नसेल, आपण बघायला गेलो तर एका बटणात आगकाडी. काडी खोचून बटण कायमचं दाबून ठेवलेलं, आणि दुसरा हात मोकळा, थेट डायमध्ये. मी भडकले. मंदाताईंना म्हटलं, तुमच्यासाठी एवढं करतोय आणि तुम्हीच? त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू दोन बटणं दाबत बस दिवसभर. मला नगावर पैसे मिळतात, बटणावर नाय."

मी आणखी बोलणार होते. तुम्ही मला हाताने थांबवलंत आणि मंदाताईंना विचारलंत, "मी बसू का इथे? शिकवाल?" मला वाटलं पाच मिनिटांची गंमत. तुम्ही दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलात! शेडचे मालक, हरीश शेठच्या गाळ्यात स्टुलावर बसून क्लिपा काढतायत आणि मंदाताई मागे उभ्या राहून सांगतायत, दादा, असं नाय, मनगट सैल सोडा. काडी घालायची नाही असं तुम्ही स्वतःला बजावलं होतं. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी आले, तर तुम्ही इकडेतिकडे बघत हळूच विचारत होतात, "माचिस आहे का कोणाकडे?"

तुम्ही बिडी ओढत नाही, सिगारेट नाही. मंदाताईंनी कमरेची पेटी काढून पुढे केली. तुम्ही काडी काढलीत, बटणात खोचलीत, दोन-चार नग काढलेत, आणि मग एकदम उठून बाहेर पायरीवर जाऊन बसलात. मी घाबरले. बघते तर तुम्ही हसताय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताय. "सुजाता," म्हणालात, "डिझाइन माझं आणि काडीपण माझीच. जन्मभर लोक माझ्या कामात काड्या घालतात म्हणून ओरडत आलो. आता बोल कोणाला बोलतेस!"

साहेब, तुमचा पहिला मुद्दा हवा असेल तर हा घ्या, असं मला त्या शोकसभेत उठून सांगावंसं वाटत होतं. पण तिथे टायवाला फोटो होता.

त्यानंतर आपल्या शेडमध्ये 'काडी' सुरू झाली. कुठलंही नवीन डिझाइन झालं की तुम्ही सगळ्यांना बोलवायचात, झाडणाऱ्या मावशींपासून, आणि म्हणायचात, घाला काडी. म्हणजे फसवा हे मशीन. ज्याला जमेल त्याला उल्हासनगरची दालपकवान, डाळ आणि कडक पुरी. लोक काय काय करायचे! रबर बांधायचे, खडूचा तुकडा घालायचे, एकाने तर चावलेलं च्युइंगगम चिकटवलं. आणि मशीन फसलं की टाळ्या कोण वाजवायचं, तर तुम्ही. स्वतःची महिनोन्‌महिन्यांची मेहनत समोर फुकट गेलेली आणि हा माणूस टाळ्या वाजवतोय. मला सुरुवातीला राग यायचा. मग मी स्वतःच काड्या घालण्यात पटाईत झाले. मला किती दालपकवान खायला घातलीत तुम्ही, दादा. वजन वाढलं माझं.

शुक्रवारी एमआयडीसीत वीज नसायची, सगळीकडे सुट्टी. तुम्ही तरीही यायचात. शटर अर्धं उघडून, उजेडाला बसून पेन्सिलीने काहीतरी काढत राहायचात. अशाच एका शुक्रवारी तुम्हाला 'फाटक' सुचलं. नाव तुम्ही दिलं नाही, कामगारांनी दिलं. डायच्या पुढे एक पारदर्शक पाटी, ठोक्याच्या आधी खाली येणारी. ती पूर्ण खाली टेकली तरच ठोका पडणार. मध्ये हात असला तर पाटी अडते आणि ठोका पडतच नाही. रेल्वेचं फाटक पडल्याशिवाय गाडी सुटत नाही, तसं. पण तुमची खरी करामत पुढे होती. पाटी वर जाताना तयार नग आपोआप बाहेर ढकलायची. म्हणजे नग काढायला हात घालायची गरजच नाही, काम उलट भराभर होणार. "फाटक काढलं तर त्यांचंच नुकसान," तुम्ही म्हणालात. "आता कोण काढेल?" मंदाताईंचं ते बटणावरचं बोलणं तुम्ही विसरला नव्हतात, त्यातूनच हे काढलं होतंत.

इथे आपलं वाजलं. डाय बदलताना फाटक बाजूला घ्यावं लागतं, त्याशिवाय डाय बसवणाऱ्या सेटरला काम करता येत नाही. त्यासाठी तुम्ही एक स्विच ठेवला होता. तो फिरवला की प्रेस फाटकाशिवायही चालतो. मी म्हटलं, दादा, हीच ती काडी. ह्या स्विचला कुलूप पाहिजे, किल्लीचा स्विच लावा. तुम्ही म्हणालात, नको. मी म्हटलं, का नको? तुम्ही म्हणालात, "किल्ली आली की किल्लीवाला आला. किल्ली कोणाकडे राहणार? शेठकडे. आणि दिवाळीच्या ऑर्डरीला फाटक जरा अडकलं, की पहिल्यांदा कुलूप कोण उघडणार? तोच. मग बाईला वाटणार, शेठनेच उघडलंय, म्हणजे चालतं."

मी म्हटलं, आणि उघडं ठेवलं तर कोणीही उघडेल. तुम्ही म्हणालात, फाटक अडकणारच नाही असं बनवू, मग कोणाला उघडावंसंच वाटणार नाही. मी म्हटलं, माणसाच्या शहाणपणावर बोटं सोडायची नसतात, दादा. माझ्या घरी बघायला मिळतं रोज. आवाज चढला माझा. तुम्ही चिडला नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला. तुम्ही एवढंच म्हणालात, "तू तुझ्या जागी बरोबर आहेस. मी माझ्या. अजून ठरायचंय." मग आपण कित्येक दिवस फक्त नटबोल्टाबद्दल बोललो.

ट्रायल ठरली ती हरीश शेठच्याच गाळ्यात. त्याने बजावलं होतं, "साईं, एक बार देखूंगा. हाफ डे प्रेस बंद. पसंत आया तो सब प्रेस पे लगाऊंगा, नहीं आया तो फिर मेरेको बोलने का नहीं." त्याचे सगळे प्रेस म्हणजे त्या गल्लीतले निम्मे. त्याने लावलं की बाकीचे लावणार, त्याने झटकलं की फाटक संपलं. मी पुढे जाऊन प्रेस उघडून ठेवायचा आणि तुम्ही खोका घेऊन यायचं, असं ठरलं होतं. कुलपाचं काय केलंत ते मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही.

मी तुमची वाट बघत होते तेव्हा एक गोष्ट झाली, ती तुम्हाला सांगायची होती. लाइट गेली आणि आली, पण गाळ्यातला फ्यूज उडाला. हरीश शेठ उठला, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला, मीटरच्या पेटीचं कुलूप उघडलं, आत काहीतरी दाबलं आणि फ्यूजची भानगड टाळून थेट चालू केलं. "अभी चलने दो, बाद में देखेंगे." मी त्या जुडग्याकडे बघत राहिले. ह्याच जुडग्यात माझी किल्ली जाणार होती. तेव्हाच मनाशी ठरवलं, की दादा आले की सांगायचं, तुमचं खरं, कुलूप नको. मी हरले, असं नीट म्हणायचं, हसत.

तुम्ही येईनात. शेठ घड्याळ बघायला लागला. मी फोन लावला, उचलला नाही. परत लावला. मी चिडून मंदाताईंना म्हटलं, ह्या माणसाला काही वेळकाळ आहे की नाही! आणि तेवढ्यात फोन उचलला गेला, आणि पलीकडून एक अनोळखी आवाज म्हणाला, "मॅडम, हा फोन ज्यांचा आहे ना, ते..."

तुम्ही कधी उशीर करत नाही, दादा. मला तेवढ्यावरून कळायला हवं होतं.

पुढचे काही दिवस माझ्याकडे नाहीत. मी होते सगळीकडे, पण मला काही आठवत नाही. कोणीतरी हार आणला होता, तो मी हातात धरून उभी होते आणि तो कोणाला घालायचाय हे मला कळत नव्हतं. दहाव्याला तुमच्या गावी, चामटोलीला आले तेव्हाही मी तुमच्या अंगणात तुम्हालाच शोधत होते. वहिनी शांत होत्या. त्या शांत कशा राहतात, हे मला समजत नव्हतं. निघताना त्यांनी हॉस्पिटलातून मिळालेली पिशवी आणली, तुमचा चष्मा, रुमाल, फोन, आणि लाल दोऱ्यात ओवलेली एक छोटी किल्ली. "ही घरातली नाय," वहिनी म्हणाल्या. "समदी कुलपं लावून बघितली मी. कारखान्याची हाय का?"

मी म्हटलं, बघते.

खोका मी उघडलाच नव्हता. शेडमध्ये माझ्या टेबलाखाली होता तो, रिक्षावाल्याने दिला तसाच, सुतळी बांधलेला. चामटोलीहून मी सरळ शेडवर आले आणि सुतळी कापली. फाटक होतं आत, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं. त्याच्या बाजूला तो स्विच. आणि स्विचला कुलूप.

तुम्ही लावलंत? इतके दिवस नको नको म्हणून, शेवटी लावलंत? कुठल्यातरी भंगाराच्या दुकानातून किल्लीचा जुना स्विच शोधून आणला होतात. साफ केला होता, ग्रीस लावलं होतं, माझ्या मनाप्रमाणे, अगदी मी सांगितलेल्या जागी. जुना असल्याने किल्ली एकच. ती किल्ली खिशात घेऊन तुम्ही मला सांगायला निघाला होतात, की सुजाता, तुझं खरं. आणि मी तिथे तुम्हाला सांगायला बसले होते, की दादा, तुमचं खरं. आपण दोघं त्या दिवशी समोरासमोर आलो असतो तर काय झालं असतं? परत भांडण झालं असतं, उलट्या बाजूंनी. तुम्ही कुलपासाठी आणि मी कुलपाविरुद्ध. शेड हसून हसून मेली असती.

आता कोण बरोबर, ते मला सांगा ना. तुम्हाला काय पटलं होतं त्यात? की नुसतं माझं मन राखायला लावलंत? मन राखायला तुम्ही बोल्टसुद्धा लावला नसतात. काहीतरी दिसलं असणार तुम्हाला, जे मला अजून दिसत नाहीये. तुमच्या टेबलावर काही नाही. पेन्सिल आहे, तीही टोक मोडलेली. मी शेडमधल्या प्रत्येकाला विचारलं, दादा काही बोलले होते का. कोणाला काही माहीत नाही. एकाला तुम्ही त्या सकाळी म्हणाला होतात, "सुजाताला सांगू नकोस, ट्रायलला बघू दे तिला." बस, एवढंच.

हरीश शेठला मी फोन केला. तो म्हणाला, "दादा ही नहीं रहे बेटा, अब इसकी गारंटी कौन लेगा?" त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. पण मी हट्ट धरला. शेवटी म्हणाला, "ठीक है. दादा के लिए. हाफ डे. बस." काल ती ट्रायल झाली.

मी एकटीच खोका घेऊन गेले, रिक्षानेच. मंदाताईंनी मला बघितलं आणि स्टूल पुसलं. फाटक बसवायला मला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. डाय सेट केली, स्विच जागेवर आणला, किल्ली फिरवली, बाहेर काढली. आणि तेवढ्यात शेठने हात पुढे केला. "चाबी इधर दे. संभाल के रखता हूं." दुसऱ्या हाताने तो कमरेचा जुडगा सोडवत होता, अगदी सहज.

किल्ली माझ्या मुठीत होती. त्याला दिली तर तुमचं खरं होणार, ह्याच दिवाळीला. कुलूप काढून टाकलं तर माझं भय खरं होणार, कधी ना कधी. आणि तुम्ही नाही, दादा. मी खरंच दाराकडे बघितलं. तुम्ही येताय का ते बघितलं मी, वेड्यासारखं.

मग मी वळले आणि किल्ली मंदाताईंच्या हातात दिली. म्हटलं, ही तुमच्याकडे, बोटं तुमची आहेत. सेटरला डाय बदलायची असेल तर त्याने तुमच्याकडे मागायची. तुम्ही स्टुलावरून उठून बाजूला झालात की द्यायची, आणि काम झालं की परत घ्यायची. दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, शेठनाही नाही.

मंदाताई किल्लीकडे बघत होत्या. "हरवली तर?"

"हरवली तर डाय बदलता येणार नाही. बाकी काही बिघडत नाही."

त्यांनी ब्लाउजची सेफ्टी पिन काढली, दोरा त्यात ओवला आणि किल्ली मंगळसूत्राशेजारी अडकवली. वर पदर घेतला. मग त्या बसल्या, पट्टी सरकवली आणि मान वर न करता म्हणाल्या, "आता माग म्हणावं, ज्या कोणाला मागायचीय ती."

शेठचा हात अजून तसाच पुढे होता. त्याच्या गाळ्यात, त्याच्या प्रेसची किल्ली, त्याच्या कामगार बाईकडे. "ये क्या नया तरीका है?" तो म्हणाला. "किसने बोला ऐसा? दादा ने बोला था?"

दादा, 'हो' माझ्या जिभेवर आलं होतं. इतकी वर्षं कोणी आडवा गेला की मी हेच म्हणायचे, दादांनी सांगितलंय. तुम्ही सांगितलेलं असो नसो. तुमचं नाव घेतलं की समोरचा गप्प बसायचा आणि तुम्ही मागाहून विचारायचात, "काय काय सांगितलंय मी आज?" शेठसुद्धा तेवढ्यावर मानला असता. मेलेल्या माणसाच्या शब्दाला कोण नाही म्हणतं? पण तुम्ही हे सांगितलं नव्हतं. तुम्ही काय सांगितलं असतंत, ते मला माहीत नाही, आणि आता कधीच कळणार नाही.

"मैंने बोला," मी म्हणाले.

शेठने माझ्याकडे बघितलं. मग त्याने जुडगा परत कमरेला लावला. "चालू करो," म्हणाला.

प्रेस चालू झाला. फाटक पडलं, ठोका पडला, क्लिप बाहेर आली. परत फाटक पडलं. मंदाताईंचा हात लागला आणि तो आवाज एकसारखा यायला लागला, आणि मी तिथे उभी होते आणि माझ्या मागे कोणी नव्हतं. हॉस्पिटलात कळलं नाही, स्मशानात कळलं नाही, तुमच्या अंगणातही नाही. तेव्हा कळलं, दादा, की तुम्ही गेलात. मी बाहेर गल्लीत आले, भिंतीला टेकले आणि मोठ्याने रडले. आतला आवाज थांबला नाही.